आठवड्याला एक चूक

मला कामावर सगळे रेडिओ म्हणतात. कौतुकानं नव्हे, बंद होत नाही म्हणून. उचलली जीभ लावली टाळ्याला हा माझा जन्माचा धंदा, आणि पोटाचा धंदा लिफ्ट दुरुस्तीचा. सत्तावीस वर्षं मी लोकांच्या इमारतींच्या पोटात, लिफ्टच्या त्या अंधाऱ्या विहिरीत, वंगणानं माखून काढली. त्यातली बावीस मोजूनरावाबरोबर.

मोजूनराव हे काही त्याचं खरं नाव नाही. प्रत्येक गोष्ट तीनदा मोजायचा म्हणून आम्हीच पाडलेलं. नट किती फेरे आवळला ते ओठ हलवत मोजायचा. माझं काम तासात उरकायचं, त्याचं अडीच तासांत, आणि मी खाली पायरीवर बसून त्याच्या नावानं बोटं मोडायचो. पण त्यानं हात लावलेल्या लिफ्टची तक्रार परत आली, असं बावीस वर्षांत एकदाही झालं नाही. बोलायचाही मोजूनच. दिवसाचे माझे दहा हजार शब्द, त्याचे चाळीस. म्हणून तर जोडी टिकली.

आम्ही एकूण साठ मेकॅनिक. साठ जणांचा फोनवर एक ग्रुप होता, आमचा आमचाच. साहेब लोकांना त्यात थारा नव्हता. तिथं एक रीत पडून गेली होती. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं ती त्याच दिवशी लिहायची. सुरुवात ठरलेली, 'माझी चूक'. मग कुठं झाली, कशी झाली, काय केलं असतं तर टळली असती. त्यावर कुणी हसायचं नाही, टोमणा मारायचा नाही, अंगठे-बिंगठे दाखवायचे नाहीत. वाचून झालं की फक्त 'वाचलं' असं लिहायचं. एरवी एकमेकांचे बाप काढणारी ही माणसं, पण 'माझी चूक' आली की परीक्षेला बसल्यासारखी गप्प व्हायची. एकाच्या बोटाचं पेर गेलं, पण त्यामुळे बाकीच्यांची बोटं शाबूत राहिली. एवढं सरळ होतं ते.

माझी लेक संशोधन करते. कंपन्या-कार्यालयांमधलं ज्ञान कुठं साठतं, एकाकडून दुसऱ्याकडे कसं जातं, त्यात या सोशल मीडियाचा हात किती, असा तिचा विषय. एकदा जेवताना मी बढाई मारायची म्हणून ग्रुपची गोष्ट सांगितली, तर तिचा घास हातातच राहिला.

"अहो बाबा, हेच! हेच तर शोधतेय मी दोन वर्षं!"

झालं. मी सगळ्यांच्या पाठीस लागून परवानग्या मिळवल्या. रेडिओची पोर म्हणून साठही जण हो म्हणाले. तिनं वर्षभर आमच्या चुका वाचल्या, नावांच्या जागी आकडे घातले, आणि लेख लिहिला. तो परदेशात कुठंतरी छापून आला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी महिनाभर तो डब्याच्या पिशवीत घालून फिरलो आणि दिसेल त्याला दाखवला. आमच्या साहेबांनाही मीच दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तेव्हा कुठं कळतंय!

साहेबांनी वाचला, त्यांच्या साहेबांनी वाचला, आणि कंपनीत ज्ञानविभाग उघडला. त्याचे जे मुख्य आले त्यांना आम्ही ज्ञानसाहेब म्हणायचो. सुटाबुटातला माणूस, उभ्या आयुष्यात लिफ्टच्या टपावर चढलेला नाही. त्यानं पहिल्यांदा आमचा ग्रुप बंद करवला. कामाचं बोलणं खासगी फोनवर केलंत तर कारवाई, असा कागदच आला. मग कंपनीचं स्वतःचं ॲप आलं. त्यात चौकट होती. 'माझी चूक' हे शब्द आधीच छापलेले, पुढे रिकामी जागा. प्रत्येकानं आठवड्याला किमान एक चूक भरायची. भरली की नावापुढे हिरवी खूण. नाही भरली तर पुढच्या आठवड्याची ड्युटी फोनवर उमटत नाही, आणि ड्युटी नाही म्हणजे हजेरी नाही. ज्ञानसाहेबांच्या खोलीत भिंतीवर मोठा पडदा लावला होता. कुणी किती चुका मोकळेपणानं मान्य केल्या त्याचे रंगीत खांब त्यावर वाढताना दिसायचे. त्याच नोंदी, नावांच्या जागी आकडे घालून, लेकीच्या प्रबंधासाठीही जायच्या.

आता खरी चूक साहेबाच्या भिंतीवर कोण लिहील? आम्ही काय दुधखुळे? लोक चुका बनवायला लागले. पाना गाडीत विसरलो. टॉर्चची बॅटरी तपासली नाही. डबा मशीन रूममध्ये राहिला. आठवडाभर चूक सुचली नाही की माणसं माझ्याकडे यायची. चहाच्या दुकानात बसून मी हसत-हसत चौघांना चार चुका पाडून द्यायचो. रेडिओला काय तोटा!

मोजूनरावाचं मात्र अडलं.

"केलीच नाही तर लिहू काय?" तो म्हणाला.

पहिल्या आठवड्यात त्यानं काही भरलं नाही. सोमवारी ड्युटी उमटली नाही. तीन दिवस घरी बसला, चौथ्या दिवशी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. चेहरा एवढासा झालेला. मला त्याची कीव आली आणि रागही आला.

"आण इकडे तो फोन, साधुपुरुषा," मी म्हटलं. "तू नको लिहूस. मी लिहितो. पाप मला."

तेव्हापासून दर शनिवारी काम सुटताना तो फोन उघडून माझ्या हातात द्यायचा आणि मान फिरवून उभा राहायचा, लहान पोरं इंजेक्शन घेताना फिरवतात तशी. मी त्याच्या नावानं चूक लिहायचो. एक्केचाळीस आठवडे लिहिल्या. नंतर-नंतर मला त्यात मजाच यायला लागली. जरा तिखटमीठ लावून लिहायचो. 'हात कामावर आणि डोकं घरी, त्यामुळे फ्यूज उलटा बसवला.' बाकीचे रजेच्या आठवड्यात भरायचे नाहीत, याचा एकही आठवडा चुकला नाही, म्हणून ज्ञानसाहेबांच्या भिंतीवर मोजूनरावाचा खांब सगळ्यांत उंच गेला. सभेत त्याला पुढे बोलावून टाळ्या वाजवल्या. तो माझ्याकडे बघत होता आणि मी हसू दाबत होतो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

एक्केचाळिसाव्या चुकेनंतरच्या आठवड्यात आमच्या ड्युट्या वेगवेगळ्या लागल्या. शनिवारी कार्यालयाच्या दारात भेटलो. मी फोन घ्यायला हात पुढे केला, तर खूण आधीच हिरवी.

"अरे वा! शिकला की लबाड!" मी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"वाच," तो म्हणाला.

"वाचतो रे घरी जाऊन." लेकीच्या व्हायवाची, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेची, तारीख लागली होती. मला ती सांगायची घाई होती. व्हायवा, मग पदवी, मग नावापुढे डॉक्टर. मी माझंच वाजवत राहिलो. तो थोडा वेळ ऐकत उभा राहिला, मग गेला.

मी वाचलं नाही. कुणीच वाचलं नाही. ॲपमध्ये 'वाचलं' लिहायची सोयच नव्हती.

बुधवारी सकाळी एका सात मजली इमारतीत, चौथ्या मजल्यावर, दार उघडं असताना लिफ्ट खाली सरकली. एक निवृत्त नर्सबाई भाजी घेऊन बाहेर पाऊल टाकत होत्या. त्या जागीच गेल्या. त्या लिफ्टवर आदल्या आठवड्यात ड्युटी मोजूनरावाची होती.

बातमी कळली तेव्हा मी रस्त्यात होतो. तिथंच कडेला उभा राहून ॲप उघडलं. मोजूनरावाची बेचाळिसावी नोंद अशी होती:

'माझी चूक. चौथ्या मजल्यावर थांबल्यावर लिफ्ट चार बोटं खाली सरकते. तीन वेळा मोजलं. ब्रेकचे लायनर झिजलेत. सामान मागितलं, पुढच्या महिन्यात येईल म्हणाले. मी लिफ्ट बंद करून पाटी लावली. संध्याकाळी वरून फोन आला, लोक तक्रार करतात, सुरू करा. मी सुरू केली. करायला नको होती. कुणाकडे लायनर असतील तर द्या.'

माझ्या लॉकरमध्ये त्या मापाच्या लायनरची, म्हणजे ब्रेकला बसवायच्या पट्ट्यांची, जोडी होती. नवी कोरी, कागदात गुंडाळलेली. वर्षभर पडून होती. जुना ग्रुप असता तर त्याच दिवशी, चहा थंड व्हायच्या आत, मी ती त्याला नेऊन दिली असती.

चौकशी बसली. फोन केलाच नाही, असं साहेबांनी सांगून टाकलं. नुसत्या बोलण्याला पुरावा काय? कंपनीनं वकील दिला, तो कंपनीला. मोजूनरावाला कुणी नाही. आणि वकिलानं हत्यार म्हणून काय काढलं असेल? मोजूनरावाच्या बेचाळीस चुकांची छापील यादी. सोबत माझ्या लेकीच्या प्रबंधातलं एक पान. त्यात लिहिलं होतं की सतरा क्रमांकाच्या कर्मचाऱ्यानं, म्हणजे मोजूनरावानं, सर्वाधिक चुका स्वतःहून मान्य केल्या. तिनं ते कौतुक म्हणून लिहिलं होतं. वकिलानं त्याचाच पुरावा केला: हा माणूस मुळातच बेफिकीर, हे तर विद्यापीठसुद्धा सांगतं.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी लेकीला सगळं सांगितलं. तिची आई बहिणीकडे गेली होती, घरात आम्ही दोघंच. एक्केचाळीस माझ्या, एकच त्याची, एवढं सांगून मी मान खाली घातली. वाटलं, आता ओरडेल, रडेल.

तिनं ताटं उचलली, ओट्यावर ठेवली आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "मला माहीत होतं, बाबा."

"काय माहीत होतं?"

"'हात कामावर आणि डोकं घरी' असं मोजूनकाका बोलतील का कधी? लहानपणापासून गणितात चुकले की हेच ऐकत आलेय मी. दहाव्या-बाराव्या नोंदीलाच ओळखलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"आकडे चांगले येत होते," ती म्हणाली. "गाइड खूश होते. मला वाटलं, खोट्या चुकांनी कुणाचं काय बिघडणार आहे?"

मला तिचा राग यायला हवा होता. पण माझंही म्हणणं एक्केचाळीस शनिवार तेच होतं. बापाचा गुण पोरीत उतरला, आणखी काय!

"उद्या तू चल माझ्याबरोबर," मी म्हटलं. "तू शिकलेली आहेस. तुझं ऐकतील. सांग त्यांना की एक्केचाळीस एकाच्या हातच्या आहेत आणि शेवटची दुसऱ्याच्या. तुला दाखवता येईल ते."

"दाखवता येईल," ती म्हणाली. मग खुर्चीवर बसली. "पण पुढचा विचार करा. एक्केचाळीस खोट्या म्हटल्या की ते म्हणतील, बेचाळिसावी तेवढी खरी कशावरून? ती एकच नोंद सांगते की त्यांनी लिफ्ट बंद केली होती, सामान मागितलं होतं. तीही जाईल. आणि माझा अर्धा प्रबंध त्या आकड्यांवर उभा आहे, बाबा. पाच वर्षं."

ती बरोबर बोलत होती आणि सोयीचंही बोलत होती. दोन्ही एकदम असू शकतं, हे मला साठीला टेकल्यावर कळलं. ती रडायला लागली तेव्हा मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. लहान असताना ठेवायचो तसाच, दुसरं काय करणार!

संध्याकाळी मोजूनरावाकडे गेलो. म्हटलं, "मी उद्या सांगून टाकणार. एक्केचाळीस मी लिहिल्या म्हणून. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

तो खुर्चीच्या पायाखाली कागदाची घडी सरकवत होता, डुगडुगत होती म्हणून. बसून बघितली, परत एक घडी वाढवली.

"व्हायवा कधी आहे पोरीचा?" त्यानं विचारलं.

"वीस दिवसांनी."

"बरं," तो म्हणाला.

चौकशीच्या खोलीत लांब टेबल होतं. मधोमध अधिकारीबाई, एका बाजूला वकील आणि ज्ञानसाहेब, दुसऱ्या बाजूला मोजूनराव एकटा. मी साक्षीदारांच्या बाकावर. लेक आली नव्हती. वकिलानं यादी वाचायला घेतली. पाना विसरलो, फ्यूज उलटा, दाराचा स्क्रू ढिला राहिला. माझीच वाक्यं, माझेच विनोद, आणि खोलीत कुणी हसत नव्हतं. ज्या नोंदीवर आमची भिस्त होती तीही त्यानं वाचली. 'मी सुरू केली. करायला नको होती.' बाकीचं गाळून तेवढंच दोनदा वाचलं. म्हणाला, "हा कबुलीजबाबच आहे. वर शब्दच आहेत, माझी चूक."

त्या चौकटीत दुसरं काही लिहिताच येत नव्हतं, हे त्याला कोण सांगणार? ज्ञानसाहेब टेबलाकडे बघत होते.

अधिकारीबाईंनी मोजूनरावाला विचारलं, "या नोंदी तुमच्या आहेत?"

मी उठायला लागलो होतो. देवाशप्पथ, अर्धा उठलो होतो. मोजूनरावानं माझ्याकडे बघितलंही नाही.

"बेचाळीसच्या बेचाळीस माझ्या," तो म्हणाला.

न केलेली एवढीशी चूक लिहायची नाही म्हणून तीन दिवस बिनहजेरी घरी बसलेला माणूस तो. त्यानं आयुष्यातलं पहिलं खोटं त्या खोलीत सांगितलं, माझ्यासमोर, माझ्यासाठी आणि माझ्या पोरीसाठी.

मग मला बोलावलं. अधिकारीबाई म्हणाल्या, "तुम्ही बावीस वर्षं यांच्याबरोबर आहात. या नोंदींबद्दल तुम्हाला काही सांगायचंय?"

बोलायला जन्मलो होतो मी. मी मोजूनरावाकडे बघितलं, त्यानं डोळे मिटले. मला लेकीची ती ओट्याकडची पाठ दिसली.

"नाही, बाई," मी म्हटलं.

मूग गिळून जाऊन बसलो. मोजूनरावासाठी गप्प राहिलो, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगून बघितलं. बोललो असतो तर तो खोटारडा ठरला असता, वगैरे. पण खरं ते खरं. मी भ्यालो. माझ्या घरासाठी भ्यालो.

निकाल तीन आठवड्यांनी आला. मोजूनरावाचा परवाना रद्द, नोकरी गेली, निष्काळजीपणाची फौजदारी त्याच्या एकट्यावर. चोर सोडून संन्याशाला फाशी. त्याच्या दोन दिवस आधी लेकीचा व्हायवा झाला. परीक्षकांनी फारसं छेडलं नाही म्हणे. घरी आली, पर्स खुंटीला अडकवली आणि "झालं" एवढंच म्हणाली. तिच्या आईनं शेजारी पेढे वाटले. मी एकही तोंडात घातला नाही.

निकालानंतरच्या रविवारी मोजूनरावाकडे गेलो. दार त्यानंच उघडलं. आता दिवसभर घरीच असतो, स्वयंपाकात हात लावतो. मला बसवलं आणि आत जाऊन स्वतः चहा करून आणला, तीन कप, तिन्ही काठोकाठ सारखे. वहिनी समोरच्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांच्या मांडीवर ती छापील यादी होती. निकालाच्या कागदांबरोबर आलेली. वाचून-वाचून तिचे कोपरे मऊ झाले होते.

"भावजी," वहिनी म्हणाल्या, "तुमच्या तोंडात तीळ भिजत नाही, म्हणून तुम्हालाच विचारते. हे खरंय?"

"काय, वहिनी?"

"एवढ्या चुका करायचे हे?" त्यांनी यादी वर धरली. "सव्वीस वर्षं संसार केला मी. मीठ घालताना चमचा सपाट करणारा माणूस हा. बाहेर जाऊन असा वागत होता आणि मला पत्ताच नाही? ह्यांना विचारलं तर म्हणतात, होतात माणसाच्या हातून. तुम्ही बरोबर होतात ना रोज? तुम्ही सांगा."

मोजूनराव त्यांच्या मागे उभा होता. त्यानं मान हलवली. डावीकडे, उजवीकडे, एकदाच.

व्हायवा होऊन गेला होता. पदवी कुठं पळून जाणार नव्हती. वहिनी काही चौकशी अधिकारी नव्हत्या, घरातल्या घरात दोन वाक्यं बोलायची होती. पण वहिनींना कळलं असतं तर त्या गप्प बसल्या नसत्या, वर अर्ज केला असता, वकील गाठला असता. आणि मग पोरगी. एवढा हिशेब माझ्या डोक्यात होईपर्यंत त्या माझ्याकडे बघत होत्या.

"होतात, वहिनी," मी म्हटलं. "सगळ्यांच्याच हातून होतात."

"म्हणजे करायचे."

मी चहाचा कप उचलला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

वहिनींनी यादीची घडी घातली. मग गुडघ्यावर हात टेकून उठल्या आणि आत निघाल्या.

"काय हवंय?" मोजूनरावानं विचारलं.

"गॅस बघते."

"बंद केलाय मी."

"हो," वहिनी म्हणाल्या, "तरी बघून येते."